चौऱ्याऐंशी मण्यांची चौकट: एक पावसाळा काढल्यानंतर

किंमत आधी सांगते, कारण घरी येणारा प्रत्येक जण तीच आधी विचारतो. लाकूड आपलं असेल तर ६,८०० रुपये, बनवणाऱ्याचं असेल तर ८,५००. भिंतीवर बसवून देण्याचे वेगळे पैसे नाहीत. एवढ्यात मिळते सागवानाची एक चौकट, दोन फूट रुंद आणि दीड फूट उंच. तिच्यात सात आडव्या पितळी सळया आणि प्रत्येक सळईवर बारा लाकडी मणी. वीज लागत नाही, सेल लागत नाहीत, अ‍ॅप नाही. शाळेत ज्यांच्या पाटीला वर मण्यांच्या तारा होत्या त्यांना ती बघताक्षणी ओळखीची वाटेल, आणि बनवणाऱ्यानेही कल्पना तिथूनच घेतली आहे.

वापरायची रीत अशी. एक सळई म्हणजे एक माणूस, एक मणी म्हणजे एक मराठी महिना. त्या महिन्यात त्या माणसाला आपण होऊन फोन केला, भेटायला गेलो किंवा पत्र पाठवलं, की एक मणी डावीकडून उजवीकडे सरकवायचा. महिन्यात कितीही वेळा बोललात तरी मणी एकच. गुढीपाडव्याला सगळे मणी परत डावीकडे. मागच्या नवरात्रात ही चौकट आमच्या घरी आली. आता तिने एक पूर्ण पावसाळा काढलाय, म्हणून तिच्याबद्दल खात्रीने लिहिता येतंय.

मी सहकारी गृहनिर्माण संस्थांचं ऑडिट करते. दिवसभर जमा-नावे बघणाऱ्या बाईने घरीही माणसांचे हिशेब मांडायचे का, असं धाकट्या बहिणीने मला फोनवर विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण हिशेबाला दोन बाजू लागतात आणि या चौकटीला एकच आहे. समोरच्याने किती वेळा फोन केला, कोण लग्नाला आलं नाही, आजारपणात कोणी विचारलं नाही, हे मांडायला इथे जागाच ठेवलेली नाही. ठेवली असती तर पहिल्या भांडणात हीच चौकट पुरावा म्हणून भिंतीवरून उतरली असती. बनवणाऱ्याने हे आधीच ओळखलं, याचं मला फार कौतुक वाटतं. मण्यांवर आकडे नाहीत, सळयांवर नावं नाहीत. घरातल्यांच्या दोन सोडल्या तर कोणती सळई कोणाची, हे फक्त मला ठाऊक. जाता-येता नजर गेली की मनात आकडा येत नाही, कल कळतो. इकडचे मणी पुढे गेलेत, तिकडे अजून डावीकडेच गर्दी आहे, एवढंच.

बनवणारा मुलगा ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात काम करतो. एका बाजूला पावडर कोटिंगवाले, दुसरीकडे पुठ्ठ्याचे खोके बनवणारे, मध्ये याचं लाकूड. एका वेळी चार-पाचच कामं हातात घेतो आणि नाव छापू नका असं त्यानेच सांगितलं, म्हणून देत नाही. मापं मात्र पुढे दिली आहेत. चांगल्या सुताराकडून ही चौकट कोणालाही करून घेता येईल. पण मी खरे पैसे मोजले ते लाकूड कापण्याआधी त्याने विचारलेल्या प्रश्नांचे.

ऑर्डर पक्की करण्याआधी तो घर बघायला आला. नौपाड्यातली आमची इमारत रीडेव्हलपमेंटला गेल्यापासून आम्ही मानपाड्याला भाड्याने राहतो. चहा घेताना त्याने विचारलं, "काकू, संध्याकाळी घरी आल्यावर फोन चार्जिंगला कुठे लावता?" मी जेवणाच्या टेबलामागचा, फ्रिजशेजारचा पॉइंट दाखवला. "मग तिथेच लावू या," म्हणाला. हॉल नको, कारण हॉलमध्ये लावलं की आपण पाहुण्यांना दाखवण्यासाठी मणी सरकवायला लागतो. बेडरूम नको, कारण रात्री अकराला कोणाची आठवण झाली तरी तेव्हा फोन करता येत नाही. संध्याकाळी सातच्या सुमाराला फोन हातात असतो आणि पलीकडचा माणूसही जागा असतो. जागेचा इतका विचार मी किचन ट्रॉली बसवणाऱ्यांकडूनही कधी ऐकला नव्हता. तिथे ती लावल्याचा फरक रोज जाणवतो. वायर लावता लावता नजर वर जाते, आणि वायर लावायची राहून जाऊन फोन लावला जातो.

जाताना त्याने एक कोरा कागद दिला. "यावर सात नावं लिहा. मला दाखवू नका. नक्की झाली की फोन करा, मग मी लाकूड कापतो." मी वरवर होकार दिला खरा, पण तो कागद बराच काळ फ्रिजवर चुंबकाखाली तसाच राहिला. पहिली तीन नावं चटकन येतात. माझा मुलगा पुण्याला आहे, त्याचं नाव लिहिलं आणि खोडलं, कारण त्याच्याशी रोजच बोलणं होतं आणि ते आपोआप होतं. ज्यांच्याशी संबंध आपोआप चालतो त्यांना सळई देण्यात अर्थ नाही, हे लिहिता लिहिताच लक्षात आलं. मग सातच का, नऊ का नाहीत, असा हट्ट मनात सुरू झाला. सात या आकड्यामुळे कोणाला तरी वगळावं लागतं, आणि ते नाव वगळताना आपला हात का थांबला याचा विचार करावा लागतो. माझ्या मते या वस्तूचं निम्मं काम त्या कागदावरच होतं. एखाद्याने चौकट न घेता फक्त कागद भरला तरी त्याला बरंच काही मिळेल.

माझ्या यादीत शेवटी एक नाव आलं ते समोरच्या दारातल्या शेजारणीचं. नौपाड्यात वीस-पंचवीस वर्षं आमची दारं समोरासमोर होती. इमारत रिकामी झाली, त्या ऐरोलीला गेल्या, आणि माझ्याकडे त्यांचा नंबरच नव्हता. त्याची गरजच पडली नव्हती कधी. जिन्यात भेट व्हायची, पाण्याच्या पंपाच्या वेळेला व्हायची, कचऱ्याची गाडी आली की व्हायची. शेवटी सेक्रेटरींच्या रीडेव्हलपमेंटच्या फाइलमधून नंबर मिळवला. आता मी ठाण्याहून पनवेल किंवा वाशी गाडी धरते, मध्ये दिघा गाव हे नवं स्टेशन लागतं, त्यापुढचं ऐरोली. दहा-बारा मिनिटांचा प्रवास आहे. त्यांच्या सळईवर आज सगळ्यात जास्त मणी उजवीकडे आहेत, आणि रक्ताच्या नात्यांच्या दोन सळया तिच्या मागे आहेत. हे रोज समोर दिसतं आणि त्यावर विचार करावा लागतो.

घरातल्या माणसाला सळई द्यावी का, हेही मी बनवणाऱ्या मुलाला विचारलं होतं. तो म्हणाला, द्या, पण नियम वेगळा करा. मी नवऱ्याला सगळ्यात खालची सळई दिली आणि ठरवलं की किराणा, भाड्याचा चेक, मुलाची नोकरी आणि कामवाल्या ताईंची सुट्टी सोडून आम्ही दोघं कशावर तरी निवांत बोललो, तरच त्या महिन्याचा मणी सरकेल. हा नियम करून बघा. तीस दिवसांत एकदा, इतकी सोपी अट आहे, आणि तरी एखाद्या महिन्याच्या अमावास्येला आम्ही दोघं तलावपाळीवर चालायला जातो ते त्या मण्यासाठी. नवऱ्यालाही आता हे माहीत आहे. तोच विचारतो, "या महिन्याचा राहिलाय का?"

आता वस्तूकडे जवळून बघू. लाकूड मी दिलं. जुनं घर रिकामं करताना तिथल्या खिडकीची सागवानी चौकट मी भंगारवाल्याला दिली नव्हती. तिच्यावर ऑइल पेंटचे थरावर थर होते. बनवणाऱ्याने समोरची बाजू रंधून साफ केली आणि आतली एक कड तशीच ठेवली. तिथे बारकाईने बघितलं तर हिरवा, मग बदामी, मग तपकिरी असे रंग रेषेसारखे एकावर एक दिसतात. हिरवा सासऱ्यांच्या वेळचा, तपकिरी मुलाच्या मुंजीच्या वेळचा. कोपऱ्यांना खिळा नाही, कुसू आणि खाचेचा सांधा आहे. जुन्या बिजागरीची भोकं त्याने बुजवली नाहीत, मीही बुजवायला सांगितली नाहीत.

इथे एक गोष्ट जुनं लाकूड देणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावी. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच असू शकतं, आणि असा रंग कोरडा घासला की त्याची धूळ श्वासात जाते. मी विचारायच्या आधीच त्याने सांगितलं की रंग ओला करून खरवडणार, पॉलिश पेपर कोरडा फिरवणार नाही, आणि ठेवलेल्या कडेवर चपड्याचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, दोन-तीन हात देऊन ती बंद करणार. घरात लहान मूल असेल तर ती कड ठेवूच नका, असंही म्हणाला. जो कारागीर हे स्वतःहून सांगतो त्याच्याकडे मी डोळे झाकून काम देईन.

मणी तो कर्नाटकातल्या चन्नपट्टणहून कातून आणतो. तिथली खेळणी परंपरेने काळ्या कुड्याच्या लाकडाची करतात. लाकूड पांढरट आणि बारीक पोताचं असतं. ते लेथवर फिरत असताना लाखेची रंगीत कांडी त्यावर दाबतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून बसते, आणि वरून केवड्याच्या जातीचं पान दाबून चकाकी आणतात. माझे सगळे मणी एकाच गडद लाल रंगाचे आहेत. सात सळयांना सात रंग दे, असं मी सुचवलं होतं. त्याने समजावलं की रंग वेगळे केले की रंगांतही डावं-उजवं सुरू होतं, आवडत्या माणसाला आवडता रंग दिला जातो. मला पटलं. मण्याचा व्यास २२ मिलिमीटर आहे, सळई ६ मिलिमीटर जाडीची, दोन सळयांमध्ये दोन इंच अंतर. मण्याचा आकार हाताला बरोबर बसतो, आणि सरकताना लाकडावर लाकूड टेकल्याचा छान टक्कन आवाज येतो.

या आकाराचा फायदा घरात सासूबाईंना झाला. त्या ब्याऐंशीच्या आहेत, बोटं थरथरतात. पहिल्या आठवड्यातच त्यांनी विचारलं, "यातली माझी कुठली गं?" मी म्हटलं, "आई, सगळ्यात वरची तुमची. तुम्हाला हवी तशी वापरा." तेव्हापासून वरची सळई त्या चालवतात. रत्नागिरीला त्यांची बहीण आहे, तिच्यासाठी. त्यांना महिन्याचा नियम मान्य नाही, त्या प्रत्येक फोनला एक मणी सरकवतात आणि बारा झाले की स्वतःच परत आणतात. बहिणीला फोनवर सांगतात, "आज तुझा शेवटचा मणी." वयस्क माणसांच्या घरासाठी ही वस्तू मी आवर्जून सुचवेन. मोबाइलमधली आठवण करून देणारी घंटी त्यांना दचकवते. मणी त्यांच्या हातात राहतात.

बनवणाऱ्याच्या गाळ्यात भिंतीवर दोन चित्रं चिकटवलेली आहेत, त्यांच्याबद्दल मी विचारलं. पहिलं ओकच्या लाकडाच्या एका पेटीचं, नाव 'फोटोबॉक्स'. डिझाइनचे संशोधक विल्यम ओडम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बनवली. आत छोटा प्रिंटर असतो, आणि घरमालकाने फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या फोटोंतून महिन्याला चार-पाच फोटो, कधी आणि कुठला ते न सांगता, छापून पेटीत टाकतो. तीन घरांत ती चौदा महिने ठेवली होती. सुरुवातीला लोक वैतागले, मग त्या संथपणाची सवय झाली. दुसरं चित्र लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये बिल गेव्हर यांच्या गटाने केलेल्या 'हिस्टरी टेबलक्लॉथ'चं. त्यावर एखादी वस्तू ठेवली की तिच्याभोवती उजेडाचं कडं उमटतं आणि ती तिथेच राहिली तर काही तासांत हळूहळू मोठं होत जातं. या दोन्हींवरून तो एक गोष्ट शिकला म्हणाला: घरातल्या वस्तूने माणसाला घाई करू नये आणि निकालही देऊ नये. मला फोटोबॉक्स जास्त आवडली, कारण माझे सगळे फोटो फोनमध्ये आहेत आणि मी ते बघत नाही. पण प्रिंटर बंद पडला की पेटी थांबते. मणी थांबायचं कारण नाही.

तरी आषाढात मणी थांबलेच. हा या चौकटीचा मुख्य दोष आहे. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड दमट हवा पितं आणि फुगतं, भोक आवळतं, आणि त्यात पितळ काळवंडून खडबडीत होतं. चार सळयांवरचे मणी जोर लावल्याशिवाय हलेनात. सासूबाईंची सळई तर पूर्णच अडली. फोन केल्यावर तो स्वतः आला, चौकट घेऊन गेला, भोकं अर्ध्या मिलिमीटरने मोठी केली आणि सळयांना मेण लावून परत दिली. पैसे घेतले नाहीत. काम चांगलं झालं, पण ६ मिलिमीटरच्या सळईला भोक ७ मिलिमीटरचं हवं हे पहिल्यापासून ठरवायला हवं होतं. तुम्ही सुताराकडून करून घेणार असाल तर हे माप धरूनच सांगा. पितळेला मी दोन महिन्यांनी पीतांबरी लावते, ती तर आपल्या ठाण्याचीच. फक्त मणी एका बाजूला सारून, सळईखाली कापड धरून पुसायचं, नाहीतर लाखेवर पांढरे डाग राहतात.

दुसरी तक्रार वेळेची. गणपतीआधी देतो म्हणाला आणि नवरात्र उजाडलं. मधल्या काळात स्वतःहून एकदाही कळवलं नाही, मीच विचारत राहिले. भेटवस्तू म्हणून ठरावीक तारखेला द्यायची असेल तर भरपूर आधी सांगा.

तिसरी गोष्ट दोष नाही, पण सांगायला हवी. चौकटीचं वजन तीन किलोच्या आसपास आहे. नव्या टॉवरमधल्या आतल्या भिंती सिपोरेक्स ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या असतात, त्यात नेहमीची गिट्टी आणि स्क्रू धरत नाहीत, हळूहळू सैल होतात. त्याने आमच्याकडे अशा ब्लॉकसाठीचे लांब अँकर वापरले. भाड्याच्या घरात भोक पाडण्याआधी मालकाला विचारावं लागतं तेही धरा.

गणपतीत भाच्याच्या चार वर्षांच्या मुलाने खुर्चीवर चढून सगळे मणी हवे तसे सरकवले. त्याचा आनंद बघण्यासारखा होता. पाहुणे गेल्यावर मी ते आठवून परत लावायला बसले. पाच सळया झरझर लागल्या, कारण प्रत्येक मण्यामागचं बोलणं आठवत होतं. दोन सळयांचं काही केल्या आठवेना: चैत्रात बोललो होतो की वैशाखात? काय बोललो होतो? त्या दोन्ही सळयांवर मी एकही मणी उजवीकडे नेला नाही. दोघांना त्याच आठवड्यात फोन केले आणि तिथून नव्याने सुरुवात केली.

आणि एक सळई अशी आहे जिच्याबद्दल लिहू की नको असं होत होतं. ती भावाची. गावच्या घराच्या वाटणीवरून आमच्यात बोलणं जवळपास बंद आहे. त्याच्या मण्यांकडे मी रोज बघत होते, ते रोज डावीकडेच होते. शेवटी श्रावणात फोन केला. त्याने उचलला, विहिरीचा पंप जळाल्याचं सांगितलं, दुरुस्तीला किती लागले ते सांगितलं, आणि ठेवतो म्हणाला. याला बोलणं म्हणायचं का, मणी सरकवायचा का, हे मला ठरवता येईना. चौकट परत द्यायला आलेल्या त्या बनवणाऱ्या मुलालाच मी विचारलं, नाव न घेता. त्याने हात पुसत विचारलं, "काकू, फोन तुम्ही केला होता ना?" मी मणी सरकवला. भाद्रपदात पुन्हा केला. पंप चालू झालाय.

कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्या घरात एकमेकांवर नजर ठेवायची सवय आहे तिथे ही नको. "माझ्या आईची सळई कुठे आहे?" असे प्रश्न सुरू होतील आणि चौकटीवर खापर फुटेल. ज्यांना आलेख, टक्केवारी आणि शाबासकी हवी त्यांच्यासाठी फोनमध्ये पुष्कळ काही मिळतं. आणि नुकतंच कोणी गेलं असेल तर थोडं थांबा, असं बनवणारा स्वतःच सांगतो आणि त्यांची ऑर्डर लगेच घेत नाही.

चौकटीबरोबर एका कापडी पिशवीत सात सुटे मणी येतात, ते अधिक महिन्यासाठी. अधिक महिना सरासरी बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. त्या वर्षी चैत्र ते फाल्गुन तेरा महिने होतात, म्हणून प्रत्येक सळईवर तेरावा मणी घालायचा. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहेतीस अनारसे देणाऱ्या आपल्या लोकांना हा मणी वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रश्न विचारणारी माझी ती बहीण खारघरला राहते, आणि आता तिनेही ऑर्डर दिली आहे, सातऐवजी पाच सळयांची. तिला मी एकच गोष्ट बजावली आहे: सळईच्या एका टोकाला आट्यांची, फिरवून निघणारी टोपी आहे ना, हे चौकट ताब्यात घेताना फिरवून बघ. टोक फेविकॉलने कायमचं बंद केलेलं असेल तर तेरावा मणी घालता येत नाही, आणि पावसाळ्यात अडलेला मणी काढताही येत नाही.